कोळसा, वीज आणि सिंगरौली

कोणत्याही देशाची वीज एकाच साधनातून निर्माण होत नाही. पाणी, कोळसा, नैसर्गिक वायू, अणू, वारा आणि सूर्य यांपैकी जे साधन ज्या देशाला सुलभ असते, त्याचा वाटा तेथे मोठा असतो. भारताला निसर्गाने खनिज तेल थोडे आणि कोळसा विपुल दिला आहे. १९४७ मध्ये देशाची एकूण विद्युत्‌निर्मितिक्षमता सुमारे १,३६० मेगावॉट होती. पुढे मोठी धरणे उभी राहिली; परंतु जलविद्युत् केंद्र पावसाच्या अधीन असते. पाऊस अपुरा पडला की जलाशय रिते राहत आणि कारखान्यांना विजेची टंचाई भासे. १९७३ मध्ये तेलाचे भाव एकाएकी भडकले, तेव्हा कोळशाचे महत्त्व आणखी वाढले. त्याच सुमारास कोळशाच्या खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९७५ मध्ये राष्ट्रीय औष्णिक विद्युत् महामंडळ स्थापन करण्यात आले.

या महामंडळाचे पहिले केंद्र सिंगरौलीचे होय. त्याचा २०० मेगावॉटचा पहिला संच फेब्रुवारी १९८२ मध्ये सुरू झाला आणि पुढे केंद्राची क्षमता २,००० मेगावॉटपर्यंत गेली. उत्तर प्रदेश आणि मध्य प्रदेश यांच्या सीमेवरील या जागेची निवड का झाली, हे समजून घेण्यासारखे आहे. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण बहुधा ३० ते ४५ टक्के असते. असा कोळसा आगगाडीने दूर नेणे म्हणजे मालाबरोबर तिसरा हिस्सा माती वाहून नेणे होय. त्यापेक्षा खाणीच्या तोंडाशीच वीज निर्माण करून ती तारांवाटे दूरच्या शहरांकडे पाठविणे अधिक सोयीचे. सिंगरौलीस कोळसा होता आणि १९६२ मध्ये पूर्ण झालेल्या रिहंद धरणाच्या विस्तीर्ण जलाशयाचे पाणीही होते.

केंद्राचे कार्य तत्त्वतः सोपे आहे. पिठासारखा बारीक दळलेला कोळसा हवेच्या झोताबरोबर भट्टीत सोडतात. त्याच्या उष्णतेने बाष्पित्रातील, म्हणजे बॉयलरमधील, पाण्याची सुमारे ५४० अंश सेल्सिअस तापमानाची वाफ होते. ही वाफ टरबाइनची पाती मिनिटास ३,००० वेळा फिरविते आणि टरबाइनला जोडलेले जनित्र वीज निर्माण करते. काम झालेली वाफ थंड करून तिचे पुन्हा पाणी करतात. मात्र या जुन्या पद्धतीच्या संचांत कोळशातील उष्णतेचा सुमारे एक तृतीयांश भागच विजेत रूपांतरित होतो. उरलेली उष्णता पाण्यावाटे व धुराड्यावाटे निघून जाते.

एक युनिट विजेसाठी साधारणतः पाऊण किलोपेक्षा थोडा कमी कोळसा लागतो. या हिशेबाने २,००० मेगावॉटचे केंद्र पूर्ण भाराने चालले, तर दिवसाला तीस हजार टनांहून अधिक कोळसा जळतो आणि सुमारे दहा हजार टन राख उरते. धुरातील बहुतेक राख विद्युत्‌भारित पत्र्यांवर अडविली जाते. तिच्यापासून सिमेंट व विटा होतात. उरलेली राख पाण्यात कालवून तलावांत साठवितात. एप्रिल २०२० मध्ये सिंगरौली परिसरात अशा एका तलावाचा बांध फुटून जीवितहानी झाली आणि शेते राखेखाली गाडली गेली.

या विजेची किंमत केवळ रुपयांत मोजून भागत नाही. रिहंद जलाशयात ज्यांची गावे बुडाली, त्यांतील अनेक कुटुंबे जवळपासच वसली होती. खाणी आणि विद्युत् केंद्रे आली, तेव्हा त्यांतील कित्येकांना पुन्हा एकदा घरदार सोडावे लागले. आज याच परिसरातील सिंगरौली, रिहंद आणि विंध्याचल या तीन केंद्रांची मिळून क्षमता ९,७०० मेगावॉटहून अधिक आहे. वीज दूरवर जाते. राख व धूर मात्र येथेच राहतात. धुरातील कार्बन डायऑक्साइड तर साऱ्या पृथ्वीचे तापमान वाढवितो.

मग हे साधन तत्काळ का सोडून देता येत नाही? जून २०२५ अखेर देशाच्या स्थापित क्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा, तेल व वायू यांखेरीज अन्य साधनांची झाली होती. परंतु क्षमता आणि प्रत्यक्ष निर्मिती या भिन्न गोष्टी आहेत. सौर पट्टिका रात्री वीज देत नाहीत. कोळशाचा संच रात्रंदिवस चालू शकतो. म्हणूनच २०२३-२४ मध्ये देशातील सुमारे तीन चतुर्थांश वीज कोळशापासूनच निर्माण झाली.

तथापि कोळशाची भूमिका पालटू लागली आहे. पूर्वी हे संच शक्यतो एकसारख्या भाराने चालवीत. आता दुपारी सौर विजेला वाट देऊन मंदावणे आणि सूर्यास्तानंतर दिवे लागताच पुन्हा वेग घेणे, हे काम त्यांच्याकडे येत आहे. यासाठी २०२३ च्या नियमांनी संचांनी ५५ टक्के भारापर्यंत उतरावे असे ठरविले. तापमानाच्या अशा चढउतारांनी नळ्या व पाती लवकर झिजतात आणि दर युनिटास कोळसाही अधिक लागतो. विद्युत्‌घट आणि पाणी वर चढवून साठविणारे जलप्रकल्प पुरेसे वाढतील, तसतसा हा भार हलका होईल.

भारताने २०७० पर्यंत निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचे २०२१ मध्ये जाहीर केले आहे. त्या वाटचालीत कोळशाची केंद्रे क्रमाक्रमाने बंद होतील. सिंगरौलीसारख्या प्रदेशातील हजारो कुटुंबांची उपजीविका आज त्यांवरच अवलंबून आहे. विजेसाठी ज्यांनी एकदा भूमी दिली, त्यांना ती केंद्रे बंद होताना पुन्हा निराधार व्हावे लागू नये, याचा विचार ऊर्जेच्या नियोजनात आतापासूनच केला पाहिजे.