मुलांची सुट्टी, दुकानाची अडचण

सुट्टी लागली की मुले सहलीचा हट्ट धरतात. पण जळगाव-धुळ्यातील आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांना दुकान किंवा माग आठवडाभर बंद ठेवणे परवडत नाही. अशांना आम्ही बुऱ्हाणपूर सुचवू. भुसावळहून खंडव्याकडे जाणाऱ्या गाडीने सुमारे तासाभराचा प्रवास. जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही आहे. १६१५च्या सुमाराचा कुंडी भंडारा पाहिला की सातपुड्यात झिरपलेले पाणी जमिनीखालून शहरात कसे आणले, हे मुलांना कळते. सतराव्या शतकात येथले कापड इराण, तुर्कस्तान, पोलंडपर्यंत जाई, अशी नोंद फ्रेंच जवाहिर-व्यापारी ताव्हर्नियेने केली आहे. मागावाल्याच्या मुलाला आपल्या धंद्याची ही थोरवी कळायलाच हवी. त्यासाठी दोन दिवस पुरेत.