आपल्या वस्तीतला हौशी लेखक वर्षभर काय करतो?

मार्च महिना लागला की आमच्या वस्तीतल्या एका काकांचा फोन वाजू लागायचा. "काका, यंदा मिरवणुकीला दोन नवी गाणी पाहिजेत. चाल पोरं बसवतील. दहा तारखेपर्यंत द्या." काका नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात टर्नर होते. रात्रपाळीत जेवणाच्या सुट्टीत डबा संपवून ते गाणे लिहायचे. कागद म्हणजे कारखान्यातल्या जुन्या जॉबकार्डाची कोरी पाठ. सुट्टीच्या दिवशी तेच गाणे शंभर पानी वहीत नीट उतरवून काढायचे. १४ एप्रिलला गाणी वाजायची, पोरे नाचायची, आणि हे लिहिले कोणी, असे विचारायचे कोणाला सुचत नसे.

असे काका, मामा, ताई किंवा गुरुजी आपल्या बहुतेक वस्त्यांमध्ये आहेत. त्यांचे पुस्तक निघालेले नसते, संमेलनाचे आमंत्रण नसते, पण वस्तीला शब्द लागले की लोक त्यांच्याच दाराशी जातात. गेली काही वर्षे मी वस्त्यांमध्ये समाजकार्य करते आहे. या माणसांचे वर्ष कसे चालते, त्यांच्याकडून समाजाला काय मिळते आणि समाज त्यांना काय देतो, हे या लेखात मांडत आहे.

'हौशी' म्हणजे कोण?

'हौशी' म्हटले की पोट भरल्यावरचा विरंगुळा डोळ्यासमोर येतो. रॉबर्ट स्टेबिन्स या समाजशास्त्रज्ञाने १९८२ मध्ये छंदांचे दोन प्रकार वेगळे केले. एक वेळ घालवण्याचा. दुसरा गांभीर्याने जोपासलेला, ज्यात माणूस वर्षानुवर्षे कष्ट घेतो, कसब कमावतो आणि त्यातूनच स्वतःची ओळख मिळवतो. आपला वस्तीतला लेखक या दुसऱ्या प्रकारात मोडतो. मात्र त्याच्याकडे फावला वेळ फारसा नसतो. पाळी, ओव्हरटाइम, बसचा प्रवास आणि घरची झोपेची वेळ यातून तो वेळ काढतो.

आपल्या साहित्याचा पायाच अशा माणसांनी घातला आहे. वामनदादा कर्डक (१९२२-२००४) प्रौढ वयात अक्षरे शिकले, पोटासाठी गिरणीत आणि मिळेल तिथे राबले आणि हजारो गीते लिहून गेले. नामदेव ढसाळ टॅक्सी चालवत होते. 'गोलपिठा' १९७२ साली आला. दया पवार रेल्वेत नोकरीला होते. 'बलुतं' १९७८ चे. उर्मिला पवार यांनी सरकारी नोकरी आणि संसार सांभाळून लेखन केले. हे लोक पुढे मोठे लेखक झाले, म्हणून त्यांची नावे आपल्याला माहीत आहेत. त्यांच्यासोबत लिहिणारे कितीतरी जण वस्तीतच राहिले.

बारा महिन्यांचे वेळापत्रक

शेतकऱ्याचे वर्ष पावसावर चालते, तसे या लेखकाचे वर्ष आपल्या स्मरणदिनांवर चालते.

फेब्रुवारीत ७ तारखेला रमाई जयंती. महिला मंडळाला गीत हवे असते, शाळकरी मुलीला पाच मिनिटांचे भाषण हवे असते. २० मार्चला चवदार तळ्याचा सत्याग्रह. मग ११ आणि १४ एप्रिल, म्हणजे ऐन हंगाम. गाणी, फलकावरच्या ओळी, सूत्रसंचालनाच्या चारोळ्या, वर्गणीचे आवाहन असे सगळे एकाच हातातून उतरते. वैशाखात बुद्ध पौर्णिमा आणि त्याच सुमारास लग्नसराई, म्हणजे मंगल परिणयाच्या पत्रिका आणि वधूच्या पाठवणीच्या कविता.

पाऊस आला की मागणी कमी होते. १ ऑगस्टला अण्णाभाऊंची जयंती सोडली तर मंच थंड असतो. ऑक्टोबरमध्ये धम्मचक्र प्रवर्तन दिन येतो आणि पुन्हा धावपळ सुरू होते. २६ नोव्हेंबरला संविधान दिन, ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण दिन, २५ डिसेंबरला मनुस्मृती दहनाचे स्मरण, १ जानेवारीला भीमा कोरेगाव आणि ३ जानेवारीला सावित्रीमाईंची जयंती. ज्यांची ऐपत असेल ते ६ डिसेंबरसाठी चार फॉर्मांची, म्हणजे ६४ पानांची पुस्तिका स्वखर्चाने छापतात. त्यासाठी कोणी दिवाळीचा बोनस घालतो, कोणी पतपेढीचे कर्ज काढतो. चैत्यभूमीला किंवा दीक्षाभूमीला ओळखीच्या स्टॉलवर काही प्रती ठेवायच्या आणि उरलेल्या पुढची अनेक वर्षे घरातल्या पलंगाखाली सांभाळायच्या.

याशिवाय तारीख नसलेले एक काम असते. वस्तीत कोणी गेले की पुण्यानुमोदनाच्या पत्रिकेचा मजकूर आणि दोन शब्द लिहून द्यायला त्यालाच बोलावतात. ज्या बाईचे नाव आयुष्यात कुठे छापून आले नाही, तिच्याबद्दलची पहिली आणि शेवटची चार वाक्ये हाच माणूस लिहितो.

या वेळापत्रकाचा फायदा आणि तोटा

फायदा उघड आहे. तारीख जवळ आली की लिहावेच लागते. संपादकाची वाट पाहावी लागत नाही आणि श्रोते तयार असतात. लिहिता न येणाऱ्यालाही कळेल असे लिहायची सवय लागते. आंबेडकरी जलशांपासून भीमगीतांपर्यंतची आपली परंपरा याच गरजेतून वाढली.

तोट्याबद्दल आपण बोलत नाही. दरवर्षी त्याच तारखा, तोच मंच आणि तीच घाई असली की लिहिणारा हळूहळू ठरलेल्या शब्दांवर येतो. सूर्य, क्रांती, लेखणी आणि निळे वादळ एवढ्यावर गाणे उभे राहते, टाळी पडते आणि पुढच्या वर्षी तेच गाणे थोडे फिरवून पुन्हा लिहिले जाते. त्याच वस्तीत कंत्राटी कामगाराचा पगार तीन महिने अडकला, कोणाची मुलगी दहावीनंतर घरी बसली किंवा गावची समाईक जमीन गेली, तर त्यावर लिहायला कोणी सांगत नाही. त्याला तारीख नसते.

दुसरे असे की, आपल्या लेखकाला टाळी मिळते पण टीका मिळत नाही. "फार छान, काका" यापुढे कोणी जात नाही. त्यामुळे लेखन सुधारण्याची वाट बंद होते. काकांनी एकदा मला विचारले होते, "यातलं दुसरं कडवं तुला खरंच आवडलं का?" मला ते आवडले नव्हते. मी "हो" म्हणाले.

वर्षावास हा लिहिणाऱ्याचाही काळ

या दोन्ही तोट्यांवरचा उपाय आपल्या परंपरेतच आहे. आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंतचे तीन महिने भिक्खूंनी एका जागी राहायचे, हा वर्षावासाचा नियम. पावसाळ्यात चारिकेला निघाले तर कोवळी पिके आणि बारीक जीवजंतू पायाखाली येतात, अशी लोकांची तक्रार होती, म्हणून बुद्धांनी तो घालून दिला. एरवी सतत चालणारा संघ या काळात थांबत असे. अभ्यास, चर्चा आणि पाठांतर याला वेळ मिळत असे.

एक गोष्ट लिहिणाऱ्या माणसाने विशेष लक्षात ठेवावी. बुद्धांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहात झालेली पहिली संगीती वर्षावासातच भरली, असे विनयपिटकातील चुल्लवग्गात सांगितले आहे. पाचशे भिक्खू जमले. पहिला महिना त्यांनी राहत्या जागांची डागडुजी केली. नंतर महाकस्सपांनी प्रश्न विचारले, उपालींनी विनय सांगितला, आनंदांनी धम्म सांगितला आणि सर्वांनी मिळून त्याचे संगायन केले. म्हणजे आपल्या वाङ्मयाची पहिली जुळणी पावसाळ्यात झाली, आणि तीही छप्पर नीट करून घेतल्यावर.

वर्षावासाचा शेवट होतो प्रवारणेने. त्या दिवशी प्रत्येक भिक्खू संघासमोर विनंती करतो की, माझ्यात काही दोष कोणी पाहिला असेल, ऐकला असेल किंवा तशी शंका आली असेल, तर करुणेने मला सांगावा, मी तो सुधारीन. इथे दोष ऐकण्याची विनंती दोष असलेलाच करतो. थोरला भिक्खूही करतो.

आपल्या विहारांमध्ये वर्षावासात संध्याकाळी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. वाचणारा आणि समजावून सांगणारा बहुधा हाच हौशी लेखक असतो. म्हणजे माणूस आहे, जागा आहे आणि वेळही ठरलेली आहे. वाचन संपल्यावर आठवड्यातून एक दिवस तासभर लेखनाची बैठक ठेवली, तर एका वर्षावासात बारा-तेरा बैठका होतात. एखादा माणूस चांगले लिहू लागण्यासाठी एवढी सुरुवात पुरेशी आहे.

बाईच्या वहीचे काय?

हे सगळे बोलताना आपल्या डोळ्यासमोर पुरुष येतो. घरातल्या बाईला रात्रपाळीतली जेवणाची सुट्टीही मिळत नाही. फलटणच्या बेबीताई कांबळे छोटे दुकान चालवत. पुडी बांधायला आलेल्या रद्दीतले कागद त्या वाचत आणि घरच्यांपासून लपवून लिहीत. त्यांनी कित्येक वर्षे वह्या दडवून ठेवल्या. 'जिणं आमुचं' हे पुस्तक १९८६ साली आले तेव्हा त्यांची पन्नाशी उलटून गेली होती. आपल्या समाजाचे धर्मांतराआधीचे आयुष्य बाईच्या नजरेतून सांगणारे ते पुस्तक आज जगभर वाचले जाते. त्या वह्या कोणी चुलीत घातल्या असत्या, तर आपल्याला काय गमावले हे कळलेही नसते.

तेव्हा बैठकीची वेळ ठरवताना बायकांना विचारून ठरवावी. रात्री आठ ही पुरुषांच्या सोयीची वेळ आहे. दुपारी तीन ही अनेकींना जमणारी वेळ आहे. रात्रीचीच वेळ ठेवायची असेल, तर त्या दिवशी घरातल्या पुरुषांनी स्वयंपाक करावा. जिला लिहिता येत नाही, तिचे बोलणे मोबाइलवर रेकॉर्ड करून नातीने ते उतरवून घ्यावे. थेरीगाथेतल्या थेरींचे शब्दही आधी तोंडीच जपले गेले आणि फार नंतर लिपीत आले.

वही कुठे जाते?

काका गेल्या पावसाळ्यात गेले. त्यांच्या वह्यांचे फोटो काढून ठेवते, असे मी त्यांना दोन वर्षे सांगत होते. पुण्यानुमोदनानंतर पंधरा दिवसांनी त्यांच्या घरी गेले, तेव्हा रंगकामासाठी घर रिकामे केले होते आणि वह्या रद्दीत गेल्या होत्या. त्यात घरच्यांची चूक नाही. त्या वह्यांना काही मोल आहे, असे त्यांना समाजातल्या कोणी कधी सांगितले नव्हते. मीही सांगितले नव्हते.

मग मी वस्तीतल्या पोरांकडे काकांची गाणी शोधली. एका जुन्या गाण्याची दोन कडवी चौघांना पाठ होती. शेवटचे कडवे कोणालाच आठवेना. भीमगीतांमध्ये कवी आपले नाव शेवटच्या कडव्यात गुंफतो. वामनदादांची गाणी त्यामुळेच गायक बदलले तरी वामनदादांच्या नावानिशी पुढे गेली. हल्ली मिरवणुकीत धृपद आणि एखादे कडवे वाजते, शेवटापर्यंत गाणे जातच नाही. काकांचे नाव त्या न आठवलेल्या कडव्यात होते.

या वर्षावासात करता येण्यासारखे

१. आषाढ पौर्णिमेला विहारात लिहिणाऱ्यांची यादी करा. गीतकार, भाषणे लिहून देणारे, डायरी लिहिणारे, सगळे घ्या. शाळकरी मुलांनाही घ्या.

२. पहिल्या तीन महिन्यांसाठी एकच नियम ठेवा. कोणत्याही जयंतीसाठी लिहायचे नाही. आपली वस्ती कधी आणि कशी वसली, १९७२ च्या दुष्काळात कोण कुठून आले, आजी कोणत्या कामाला जायची, पहिले विहार कोणाच्या पत्र्याखाली भरत होते, असे विषय घ्या. हा इतिहास दुसरे कोणी लिहिणार नाही.

३. अश्विन पौर्णिमेला लेखनाची प्रवारणा करा. प्रत्येकाने एक लेखन वाचावे आणि स्वतःच दोष विचारावेत. सांगणाऱ्याने कोणते वाक्य कळले नाही, कुठे खोटे वाटले आणि कुठे लक्ष उडाले एवढेच सांगावे. माणसाबद्दल बोलू नये.

४. प्रत्येक वहीचे मोबाइलवर फोटो काढा. पहिल्या पानावर नाव, गाव आणि तारीख लिहा. एक प्रत लेखकाच्या घरी, एक दुसऱ्या घरी आणि एक विहाराच्या कपाटात ठेवा. नोंदणी केली नसली तरी लेखनाचा हक्क लिहिणाऱ्याचाच असतो आणि त्याच्या निधनानंतर ६० वर्षे वारसांकडे राहतो, हेही घरच्यांना सांगा.

५. जयंती मंडळांनी गाणे वाजवण्याआधी गीतकाराचे नाव जाहीर करावे आणि वर्गणीतून वर्षाला एका लेखकाची पुस्तिका छापावी. ध्वनियंत्रणेवर होणाऱ्या खर्चाच्या मानाने हा खर्च फार नाही.

आमच्या विहारात येत्या आषाढ पौर्णिमेपासून अशी बैठक सुरू करायचे ठरले आहे. काकांच्या गाण्याची ती दोन कडवी पहिल्या दिवशी वाचायची आहेत. तिसरे कडवे कोणाला आठवले तर पाहू. आपल्या वस्तीतल्या काकांची किंवा ताईंची वही कुठे आहे, हे तुम्ही मात्र आजच विचारा.

जय भीम! नमो बुद्धाय!