बुडालेल्या पाटीचा हिशेब

समुद्रात काही दिवस बुडून राहिलेला पृष्ठभाग, मग तो लाकडाचा असो, लोखंडाचा असो वा काचेचा, मोकळा राहत नाही. प्रथम जंतू व डायाटम यांचा बुळबुळीत थर बसतो. मागोमाग बार्नॅकल, कालवे, शिणाणे, शेवाळे येतात. होडीच्या तळाला हात लावून पाहिलेल्या आमच्या गोमंतकीय वाचकांस हे सांगावयास नको. प्रश्न आहे तो या वाढीचे माप कसे घ्यावे, हा.

रीत दिसावयास सोपी आहे. ठरावीक आकाराच्या पाट्या चौकटीत बसवून ठरलेल्या खोलीवर सोडावयाच्या. काही दर महिन्याला बदलावयाच्या, काही वर्षभर तशाच ठेवावयाच्या. पहिल्यांवरून कोणत्या महिन्यात कोण येऊन बसले ते कळते, दुसऱ्यांवरून अखेर कोणाचे राज्य झाले ते. मांडवी-जुवारीच्या मुखांशी हा भेद विशेष महत्त्वाचा, कारण पावसाळ्यात तेथील पाण्याचा खारेपणा फार उतरतो व पुष्कळ सागरी जीवांना ते मानवत नाही. एका महिन्याच्या पाटीवरून वर्षाचे अनुमान काढणे म्हणजे आषाढातील विहीर पाहून वैशाखातील पाणी सांगणे होय.

पण मोजावयाचे काय? जीवांची संख्या घेतली, तर टाचणीच्या डोक्याएवढा पोर-बार्नॅकल व पूर्ण वाढलेला सारखेच ठरतात. पाटीवर जाळी ठेवून झाकलेले क्षेत्र शेकडेवारीत काढले, तर जाडी निसटते. ओले वजन शेवाळ्यातील पाण्याने फुगते, वाळवलेले कवचांतील चुन्याने. शिवाय जड झालेला झुबका गळून पडला की वजन घटते, आणि कोष्टक वाचणाऱ्यास वाटते, वाढच थांबली! कडांवरची वसाहत निराळी असते, म्हणून जाणते निरीक्षक कडेची पट्टी सोडून देतात. बुळबुळीत थर तर तागडीत नगण्य, तरी जहाजाचे घर्षण वाढवितो. यांतील कोणताही आकडा एकटा देऊ नये, असे आमचे मत आहे.

माप अपुरे असले की काय घडते, याचे उदाहरण ट्रायब्युटिल टिन असलेल्या रंगांचे. पाट्या उत्तम स्वच्छ राहत. परंतु १९७० नंतरच्या दशकात फ्रान्समधील आर्काशों उपसागरात कालवांची कवचे वेडीवाकडी वाढू लागली व त्यांचे बी धरेना. १९८२ साली फ्रान्सने लहान होड्यांवर तो रंग वर्ज्य केला. आंतरराष्ट्रीय करार २००१ साली झाला व २००८ साली अमलात आला. तांब्याचे रंग आजही वापरात आहेत. त्यांची परीक्षा घेताना पाटीबरोबर तिच्या शेजारचे पाणीही तपासले जावे.