काच मुरते तेव्हा
(भट्टीतली काच : लेखांक ५)

मागच्या आठवड्यात मेणाचा वाडगा घडवला, प्लास्टर ऑफ पॅरिस आणि सिलिका समान वजनात कालवून त्याभोवती साचा ओतला आणि वाफेवर मेण काढून टाकलं. आता आत उरली आहे वाडग्याच्या आकाराची पोकळी. तिच्यात काच किती लागेल, हे मेण वितळवण्याआधीच मोजलेलं असतं. काठोकाठ भरलेल्या पातेल्यात मेणाचा वाडगा बुडवायचा. मेण तरंगतं, म्हणून तो तारेने दाबून पुरता पाण्याखाली धरायचा. सांडलेलं पाणी ४८० मिली भरलं, तर काच घ्यायची १,२०० ग्रॅम, कारण साधी काच पाण्याच्या अडीचपट जड असते.

बोराएवढे खडे घेतले तर वाडगा नितळ उतरतो. साखरेसारखा चुरा घेतला तर कणाकणांमधली हवा अडकते आणि काच धुकट दिसते. फ्रान्समधल्या ‘पात द व्हेर’च्या कारागिरांनी हेच धुकं जपलं. चेक शिल्पकार यारोस्लावा ब्रिख्तोवा आणि चित्रकार स्तानिस्लाव लिबेन्स्की यांची वाट वेगळी होती. लिबेन्स्कींनी काढलेल्या डोक्याच्या चित्रावरून ब्रिख्तोवांनी १९५५-५६च्या सुमारास झेलेझ्नी ब्रोद या गावी ‘डोकं-वाडगा’ घडवला आणि त्यातूनच दोघांचं जन्मभराचं एकत्र काम सुरू झालं. त्यांच्या कामात जाडी हाच रंग असतो. एकच काच, पण पातळ भागात फिकी आणि जाड भागात गडद.

हीच जाडी भट्टीत घाम फोडते. ८३० अंशांच्या आसपास काच मधासारखी होऊन साचा भरते, त्याला काही तास पुरतात. खरं काम पुढे असतं. काच बाहेरून आधी निवते आणि ताठ होते. आतली अजून गरम असते, ती मागाहून आकसू पाहते आणि ताण कायमचा कोंडला जातो. म्हणून मी वापरते ती काच ४८२ अंशांवर मुरू द्यावी लागते. २५ मिमी जाडीला चार तास, आणि मग तापमान तासाला फक्त १५ अंशांनी उतरवायचं. जाडी दुप्पट झाली की हा वेग निम्मा करून भागत नाही, चौथ्या हिश्श्यावर आणावा लागतो. तासाला चार अंशसुद्धा नाहीत! वाडग्याला आणखी एक धोका असतो. निवताना काच साच्याच्या आतल्या गाभ्याला आवळते, म्हणून तो गाभा पोकळ आणि ठिसूळ ठेवायचा.

माझा एक निळा वाडगा मी घाईने गमावला. भट्टी १२० अंशांवर होती आणि मी झाकण चार बोटं उचललं. पहिल्यांदा ‘टिक्’ असा बारीक आवाज आला. तडा मात्र दुसऱ्या दिवशी साचा फोडल्यावर दिसला, जाड तळापासून काठापर्यंत गेलेला.

तेव्हापासून प्रत्येक वाडगा साचा फोडून धुतला, की लॅपटॉपच्या पांढऱ्या पडद्यासमोर धरते आणि पोलराइज्ड गॉगलमधून बघते. पडदा काळा दिसेपर्यंत गॉगल फिरवायचा. वाडगाही काळाच राहिला तर काच शांत आहे. तळाशी उजळ पट्टे उमटले तर आत ताण आहे. मग घासणं, चकाकी देणं सगळं बाजूला ठेवायचं आणि वाडगा पुन्हा भट्टीत, ४८२ वर.