आज्ञापालन, सेवा आणि आशीर्वाद

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात जमाखर्च, खाटांची संख्या व शस्त्रक्रियांचा तपशील यांना स्थान असते, आणि ते असावयासही हवे. परंतु रुग्णांच्या आप्तेष्टांकडून आम्हांस वारंवार विचारला जाणारा एक प्रश्न कोणत्याच तक्त्यात बसत नाही. ‘देवाचे एवढे केले, कोणाचे वाईट चिंतले नाही, मग हे दुखणे आमच्याच घरी का?’ हा प्रश्न सर्व धर्मांचे लोक विचारतात. ख्रिस्ती श्रद्धा त्याचे जे उत्तर देते ते येथे मांडावेसे वाटते. कारण आपल्या देशातील रुग्णसेवेच्या परंपरेत त्या श्रद्धेच्या सेवकांचा वाटा मोठा आहे.

या प्रश्नाच्या मुळाशी एक हिशेब आहे. आम्ही वाणिज्य शाखेचे, त्यामुळे तो आम्हांस चटकन समजतो : आज्ञापालन ही ठेव आणि आशीर्वाद हे तिच्यावरील व्याज. बायबलच्या जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या २८व्या अध्यायात असे आश्वासन खरोखरच आहे. आज्ञा पाळणाऱ्याचे शेत, गुरेढोरे, टोपली व संतती यांवर आशीर्वाद येईल, असे तेथे सांगितले आहे. मात्र त्याच ग्रंथात ईयोबाचेही पुस्तक आहे. हा सज्जन मनुष्य संपत्ती, मुले व आरोग्य गमावून बसतो. तुझ्या हातून पाप घडले असलेच पाहिजे, असे मित्र त्याला बजावत राहतात. आणि अखेरीस परमेश्वराचा कोप होतो तो त्या मित्रांवर.

योहानाच्या शुभवर्तमानातील ९वा अध्याय याहून स्पष्ट आहे. एका जन्मांध मनुष्याला पाहून शिष्य विचारतात, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? येशू दोन्ही पर्याय नाकारतो. तो त्याच्या डोळ्यांना ओली माती लावतो व शिलोहाच्या तळ्यात जाऊन धुण्यास सांगतो. तो मनुष्य जातो, धुतो आणि डोळस होऊन परततो. आज्ञापालन येथेही आहे. दोषाची चौकशी मात्र थांबली आहे. मुलाच्या खाटेशेजारी बसून ‘आमचे काय चुकले’ असे म्हणणाऱ्या मातापित्यांनी, ते कोणत्याही धर्माचे असोत, हा अध्याय एकदा वाचावा.

मग आशीर्वाद म्हणजे नेमके काय? मार्काच्या शुभवर्तमानात शिमोनाची सासू तापाने अंथरुणावर आहे. येशू हात धरून तिला उठवतो, ताप जातो, आणि ती लगेच सर्वांची सेवा करू लागते. मत्तयाच्या २५व्या अध्यायात न्यायाच्या दिवशी राजा ज्यांना आशीर्वादित म्हणतो त्यांनी भुकेल्याला अन्न दिलेले असते, आजाऱ्याची विचारपूस केलेली असते. पण ती सेवा आपण राजाचीच केली, हे त्यांना ठाऊकच नसते. त्यांनी वही ठेवलेली नव्हती. सेवेसाठी उठण्याचे बळ व सेवा करण्याची संधी हाच तेथे आशीर्वाद आहे, असे आम्हांस वाटते.

महाराष्ट्राला याचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. पंडिता रमाबाईंनी दुष्काळाच्या दिवसांत आईवडील गमावले, विवाहानंतर अल्पावधीतच १८८२ साली पती गमावला. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, १८८९ साली मुंबईत शारदा सदन उघडले, आणि १८९६-९७च्या दुष्काळातील निराधार मुलींना आश्रय देता देता पुण्याजवळील केडगावी मुक्ती मिशन उभे राहिले. इतक्या सेवेनंतर व्याज मिळावयाचे तर त्यांना मिळावयास हवे होते. प्रत्यक्षात १९२१ साली त्यांची एकुलती एक कन्या मनोरमा, जी या कार्याचा आधार होती, निवर्तली. रमाबाई पुढे काही महिनेच जगल्या. मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबल मराठीत आणण्याचे काम त्यांनी त्या शोकातही सोडले नाही; ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे देहावसान झाले.

मिरज येथे १८९४ साली रुग्णालय उभारणारे कॅनडाचे डॉ. विल्यम वॉनलेस सर्वपरिचित आहेत. वेल्लोरच्या आयडा स्कडर यांची हकिकत मात्र थोडी विस्ताराने सांगावी लागेल, कारण त्यांना हे काम मुळीच नको होते. मिशनरी डॉक्टरांच्या घराण्यात जन्मूनही त्यांना अमेरिकेत सुखाने संसार करावयाचा होता. एका रात्री तीन कुटुंबांतून, त्यांतील एक ब्राह्मण व एक मुसलमान, प्रसूतीच्या मदतीसाठी त्यांना बोलावणे आले. त्या स्वतः डॉक्टर नव्हत्या, आणि पुरुष डॉक्टर म्हणून त्यांच्या वडिलांना आत येऊ देण्यास घरचे तयार नव्हते. तिन्ही स्त्रिया दगावल्या. आयडा वैद्यक शिकून परतल्या, आणि १९०० साली वडील कर्करोगाने वारले. त्याच वर्षी एका खाटेने सुरू झालेल्या त्यांच्या दवाखान्यातून पुढे वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज उभे राहिले.

लूकच्या शुभवर्तमानातील चांगल्या शोमरोन्याचा दृष्टान्त पुष्कळांना ठाऊक असतो. लुटारूंनी घायाळ केलेल्या वाटसरूच्या जखमांवर तो तेल व द्राक्षारस ओततो, त्याला उतारशाळेत नेतो आणि दुसऱ्या दिवशी तेथील रक्षकाच्या हाती दोन दीनार, म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी, ठेवतो. अधिक खर्च झाल्यास परतताना देईन, असेही सांगतो. २००६ साली मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी राखावयाच्या असतात, आणि ते पालन तपासण्यास अधिकारी असतात. उतारशाळेच्या रक्षकाकडे असा नियम नव्हता. अनोळखी माणसाचा शब्द व एक जखमी, एवढेच होते. आमच्या कार्यालयात या दृष्टान्ताविषयी बोलणे निघाले की चर्चा शोमरोन्यापेक्षा त्या रक्षकाचीच अधिक होते. दोन दीनार संपल्यावर त्याने काय केले, हे लूकने लिहिलेले नाही.