स्वस्त सायकल : झंडेवालानची की घराजवळची?

गुरुग्राममधील एखाद्या कुटुंबास चौघांसाठी सायकली घ्यावयाच्या असल्यास साहजिकच दिल्लीच्या झंडेवालान येथील घाऊक सायकल बाजाराचे नाव पुढे येते. मेट्रोने राजीव चौकात गाडी बदलली की ब्लू लाइनवरील दुसरे स्थानक झंडेवालानचे. अनेक कंपन्यांच्या सायकली व सुटे भाग तेथे एकत्र पाहता येतात आणि चार सायकली एकदम घेणाऱ्यास भावात घासाघीस करण्यास वाव मिळतो.

मात्र खरी किंमत केवळ पावतीवर नसते. सायकली घरी आणण्याचे टेम्पोभाडे आणि जोडणीचा खर्च त्यात मिळवावा लागतो. नव्या सायकलचे ब्रेक काही आठवड्यांत पुन्हा कसावे लागतात. त्यासाठी दिल्लीची खेप परवडत नाही. एकच सायकल हवी असल्यास घराजवळचे दुकानच बहुधा स्वस्त पडते.

मुलांच्या बाबतीत ‘वाढत्या अंगाची’ सायकल घेण्याचा मोह टाळावा. पाय जमिनीस टेकत नसतील तर तोल सावरणे अवघड होते. साधारणतः पाच वर्षांच्या मुलास १६ इंची, तर आठ वर्षांच्या मुलास २० इंची चाकाची सायकल योग्य ठरते. मुलास प्रत्यक्ष बसवून पाहणे उत्तम.

सायकलींवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. त्यामुळे दुकान कोणतेही असो, पक्की पावती अवश्य घ्यावी आणि त्यावरील कराचा दर तपासावा.