परवानगी मिळाली, पण गोळी कोणती?

परवाना काढून शिकार करण्याची सोय आपल्याकडे 1991 मध्ये, वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या दुरुस्तीने बंद झाली. सांबराच्या शिंगांनी दिवाणखाने सजवण्याचा काळ संपला आणि त्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. मात्र 1972 च्या त्याच कायद्याच्या कलम 11 ने एक दार किलकिले ठेवले आहे. दुसऱ्या अनुसूचीतले एखादे जनावर माणसाच्या जिवाला किंवा उभ्या पिकाला धोकादायक झाले आहे अशी खात्री पटली, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी आदेशाने, कारणे नोंदवून, कोणाही व्यक्तीला ते मारण्याची परवानगी देऊ शकतो. महाराष्ट्रात 2015 च्या शासन निर्णयामुळे रोही (म्हणजे नीलगाय) आणि रानडुक्कर या दोन जनावरांबाबत ही वाट जास्त रुळली. विदर्भात रोह्यांचे कळप तूर-हरभऱ्यात उतरतात, आमच्या इगतपुरी-त्र्यंबकच्या डोंगरपट्ट्यात भाताच्या खाचरांत डुकरे शिरतात. कलम 11 कारणे लिहून मागते, आदेश लेखी हवा म्हणते. जनावर कशाने मारायचे याबद्दल मात्र त्यात एक शब्द नाही. ही गाळलेली जागा किरकोळ नाही. जनावर मिनिटभरात मरणार की दोन दिवस उसात तडफडणार, हे इथेच ठरते.

गाळलेली जागा रिकामीही राहिलेली नाही, शस्त्र कायद्याने ती आपल्या परीने भरली आहे. 1959 च्या त्या कायद्यात पीकसंरक्षणासाठी द्यायचे शस्त्र म्हणून नाव आहे ते ठासणीच्या बंदुकीचे. ती अपुरी पडते असे अधिकाऱ्याला पटले, तर दुसरी बंदूक देता येते. पण तीही गुळगुळीत नळीचीच. म्हणजे शेतकऱ्याच्या हातात येते ती ठासणीची किंवा फार तर बारा बोअरची, छऱ्याची बंदूक. पाखरे उडवायला, मोर-माकडांना आवाजाने पळवायला हे हत्यार ठीक. पण रोह्याचा नर दोनशे किलोंच्या पुढे जातो, आणि त्याच्या मानेवर-छातीवर कातडे जाड असते. रानडुकराच्या खांद्यावर तर चिवट कातड्याची ढालच असते. बारा बोअरच्या मोठ्या छऱ्याच्या काडतुसात आठ-नऊ गोळे असतात. बाराची सगळी ताकद त्यांच्यात वाटली जाते आणि प्रत्येक पावलागणिक ते पांगतात. वीस पावलांवर जे जीवघेणे, ते साठ पावलांवर नुसते जखम करणारे. अमेरिकेत एल्क नावाचे हरीण आहे, आपल्या सांबराच्याच कुळातले, नर तीनशे किलोंच्या घरातला. कोलोरॅडो राज्यात त्याची शिकार कायदेशीर आहे, आणि तिथल्या नियमांनी गोळीही ठरवून दिली आहे: रायफलची नळी किमान 6 मिलिमीटरची, गोळी किमान 85 ग्रेन म्हणजे साडेपाच ग्रॅमची, शंभर यार्डांवर ठरावीक जोर शिल्लक असलेली, आणि आत शिरल्यावर फुलणारी. हौसेने शिकार करणारा देश हे ठरवून देतो. आपण नाइलाजाने मारतो, आणि ठरवत नाही.

या नियमातला शेवटचा शब्द, ‘फुलणारी’, सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि त्याचा इतिहास आपल्याच देशातला आहे. लष्करी गोळीचे शिसे तांब्याच्या मिश्रधातूच्या कवचात पूर्ण बंद असते. ती अंगातून सुईसारखी आरपार जाते, बारीक भोक पाडते आणि उरलेला सगळा जोर पलीकडच्या मातीला देते. 1890 च्या दशकात कलकत्त्याजवळच्या डमडम शस्त्रागारात कॅप्टन बर्टी-क्ले याने टोकाशी कवच उघडे ठेवलेली गोळी तयार केली. मऊ शिसे आत गेल्यावर पसरते, गोळी छत्रीसारखी उघडते आणि सगळा जोर आतच खर्च करते. ही गोळी फार क्रूर आहे असे म्हणून 1899 च्या हेग जाहीरनाम्याने युद्धात तिला बंदी घातली. जनावराच्या बाबतीत नेमका उलटा न्याय लागतो. सैनिक जखमी झाला तर त्याला उचलून इस्पितळात नेणारे कोणीतरी असते. जखमी रोह्याला काटेरी झुडपाशिवाय आसरा नाही. म्हणून जी गोळी माणसासाठी निषिद्ध, तीच जनावरासाठी दयेची, हे विचित्र वाटले तरी खरे आहे.

मग सगळ्यात मोठी, सगळ्यात जोरकस गोळी घ्यावी, असे कोणी म्हणेल. रायफलवाल्यांमध्ये हा वाद कधी मिटत नाही, आणि त्यात बराच भाग मिशांना पीळ देण्याचा असतो. प्रचंड काडतुसाचा दणका खांद्याला बसतो. तो आधीच ठाऊक असलेला माणूस घोडा ओढताना डोळे मिटतो आणि नेम हुकतो. पोटात लागलेली मोठी गोळी ही फऱ्यामागे, फुप्फुसात लागलेल्या मध्यम गोळीपेक्षा वाईटच. आपल्याकडे सामान्य परवान्यावर मिळणारी .315 ची रायफल इथे पुरेशी आहे. ब्रिटिश अमलात .303 हे लष्करी काडतूस नागरिकांना वर्ज्य होते, म्हणून 8 मिलिमीटरच्या जुन्या मॅनलिकर काडतुसावरून .315 पुढे आली. तिची काडतुसे पुण्याजवळ खडकीच्या 1869 मधल्या दारूगोळा कारखान्यात बनत आली आहेत. गोळी 244 ग्रेनची, म्हणजे जवळपास सोळा ग्रॅमची, टोकाला मऊ; वेग सेकंदाला साधारण साडेसहाशे मीटर. आजच्या हिशेबाने मंद, आणि दोनशे मीटरवर तिचा मार्ग चांगलाच खाली झुकतो. पण पिकातले जनावर शंभर मीटरच्या आत असते. तिथे वजनदार, मंद, फुलणारी गोळी रोह्याला पुरून उरते.

खरा आक्षेप सुरक्षेचा आहे, आणि तो मी हलका मानत नाही. रायफलची गोळी अडली नाही तर तीन किलोमीटरच्याही पुढे जाते. आपल्या शिवारात कांद्याला रात्री पाणी देणारा माणूस असतो, वस्तीवर मुले झोपलेली असतात. शस्त्र कायद्याने गुळगुळीत नळी पुढे केली, त्यामागे हा विचार असला तर तो समजण्यासारखा आहे. पण धोका कमी करण्याचा उपाय कमकुवत गोळी हा नव्हे. माळ्यावरून खाली मारलेली गोळी दहा-वीस पावलांत मातीत गडप होते. जनावरामागे मातीचा बांध नसेल तर घोडा ओढायचाच नाही, हा नियम तपासलेल्या माणसाला शिकवता येतो. कलमात ‘कोणाही व्यक्तीला’ हे शब्द आहेत. त्यांच्या जागी चाचणी देऊन नेम सिद्ध केलेले मोजके नेमबाज हवेत. 2016 मध्ये बिहारच्या मोकामा भागात बाहेरून नेमबाज बोलावून दोनशेहून अधिक नीलगायी मारल्या गेल्या. देशभर गदारोळ झाला तो मारावे की नाही यावर. गोळी कोणती होती हे विचारणारा आवाज त्यात ऐकू आला नाही.

नाशिककरांनी शिशाकडे मात्र वेगळे लक्ष द्यायला हवे. फुलणाऱ्या गोळीचे बारीक कण मांसात विखुरतात. कॅलिफोर्नियात काँडोर गिधाडे असे मांस खाऊन शिसेबाधेने मेली, आणि तिथे 1 जुलै 2019 पासून शिकारीत शिशाच्या गोळीला पूर्ण बंदी आली. आपल्या अंजनेरीच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडे घरटी करतात, हरसूलजवळ खोरीपाड्याला त्यांच्यासाठी मेलेली गुरे ठेवली जातात. 2006 मध्ये गिधाडांच्या जिवावर उठलेल्या, गुरांसाठीच्या डायक्लोफिनॅक औषधावर बंदी आणून जे वाचवले, ते गोळीच्या शिशाने घालवू नये. निव्वळ तांब्याची गोळी हा उपाय आहे, पण ती फुलायला वेग लागतो, आणि .315 शंभर मीटरवर त्या वेगाच्या काठावर येते. तेव्हा आज व्यवहार्य मार्ग एकच: गोळीने मेलेले जनावर त्याच दिवशी खोल पुरणे किंवा जाळणे, आणि खोरीपाड्यासारख्या ठिकाणी ते कधीही न नेणे.

मारण्यापेक्षा कुंपण, वेळेवर भरपाई आणि राखणीला मदत बरी, हे म्हणणे मला मान्यच आहे; गावठी बॉम्ब आणि तारेत सोडलेली वीज यांपेक्षा तर काहीही बरे. पण सरकार परवानगी देतेच आहे. तर वनविभागाने त्या आदेशात आणखी चार ओळी घालाव्यात: शस्त्र रायफलच, गोळी मऊ टोकाची आणि किमान वजनाची, अंतर शंभर मीटरच्या आत, आणि जखमी जनावराचा माग काढून ते संपवण्याची जबाबदारी बार टाकणाऱ्याची.